पण ती माणसे जेवतात काय?

२०१५ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील बावीस जणांचा गट चीनचा आठ दिवसांचा प्रवास आटोपून परतला होता आणि त्या गटाबरोबर मीही गेलो होतो. एका रविवारी मिस्सा झाल्यावर सभागृहात पडदा लावून प्रवासाची छायाचित्रे दाखवण्याचा कार्यक्रम झाला. चीनची भिंत आली, बादशहांचे राजवाडे आले, शीआनचे मातीचे सैनिक आले. मंडळी सभ्यपणे पाहत होती आणि मागच्या बाकांवर मुले पेंगत होती. मग पडद्यावर काडीला टोचलेले तीन विंचू आले आणि सभागृह एकदम जागे झाले. किंकाळ्या उठल्या, हशा उसळला, काहींनी नाकाला पदर लावला. पाठोपाठ समुद्रघोडा, तारामासा, रेशमाच्या किड्यांचे कोश अशी चित्रे येत गेली आणि एकेका चित्राला नाटकातल्या विनोदाप्रमाणे दाद मिळत गेली. हसणे ओसरल्यावर पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध आजींनी मला विचारले, ‘फादर, विंचवाचे समजले. पण ती माणसे जेवतात काय?’

प्रश्नात खोच नव्हती. साठ वर्षे चुलीपुढे घालवलेल्या बाईची ती साधी चौकशी होती. शंभर कोटींहून अधिक माणसे रोज काहीतरी रांधत असणार, मुलांना भरवत असणार, घरातल्या आजाऱ्यासाठी वेगळे काही करत असणार. ते काय, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. आणि वाचकहो, आठ दिवस त्या देशात राहून आलेल्या बावीस माणसांपैकी एकालाही त्यांना उत्तर देता आले नाही. मला थोडेफार देता आले असते. पण नुकताच मीही त्या हशात सामील झालो होतो आणि विंचवाच्या छायाचित्रांपैकी एक माझ्याच फोनमधले होते. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि कार्यक्रम संपला. त्या आजी आज हयात नाहीत. त्यांचे उत्तर माझ्याकडे बाकी राहिले आहे.

आता ते देण्याला निमित्तही झाले आहे. २०२० पासून बंद असलेली भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. सहलींच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत आणि आमच्या धर्मग्रामातील काही तरुण जोडप्यांनी चौकशीही चालवली आहे. त्यांनी अवश्य जावे. परंतु जाण्यापूर्वी त्यांनी माझे एक म्हणणे ऐकून घ्यावे. परक्याच्या ताटातील विचित्र तेवढे टिपायचे, घरी आणून त्याचा तमाशा मांडायचा आणि त्यालाच त्या लोकांचे जेवण म्हणायचे, ही निव्वळ करमणूक नाही. ती खोटी साक्ष आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये हे आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासून घोकत आलो. शेजारी हिमालयापलीकडचा असला म्हणजे ती आज्ञा शिथिल होते असे मला कोणी शिकवलेले नाही.

प्रथम त्या विंचवाची हकिकत सांगतो. बीजिंगमध्ये जुन्या राजवाड्याच्या पूर्व दरवाजाला दोंगह्वामन म्हणतात आणि त्या दरवाजासमोरच्या रस्त्यावर रात्रीचा खाद्यबाजार भरत असे. तो १९८४ साली सुरू झाला. माओच्या काळात खाजगी विक्री जवळजवळ नाहीशी झाली होती. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तर घरच्या परसातले चार जिन्नस विकणेही ‘भांडवलशाहीचे शेपूट’ ठरे आणि शेपूट म्हटल्यावर ते कापणे ओघाने आलेच. १९७८ नंतर धोरण बदलले आणि लोक पुन्हा चुली घेऊन रस्त्यावर आले. दोंगह्वामनचा बाजार त्या सुटकेच्या दिवसांतला. परंतु आम्ही गेलो तेव्हा त्याचे रूप पार पालटले होते. एकसारख्या गाड्यांची लांबच लांब रांग, एकसारखा पोशाख केलेले विक्रेते, आणि पुढे काड्यांवर टोचलेले विंचू, काहींचे पाय अजून हलत असलेले. विक्रेते इंग्रजीत हाका मारत होते. छायाचित्र काढणारे पुष्कळ आणि खाणारे थोडे होते. गर्दी होती ती परदेशी प्रवाशांची आणि दूरच्या प्रांतांतून राजधानी पाहायला आलेल्या चिनी माणसांची. आमची वाटाड्या मुलगी बीजिंगमध्येच जन्मलेली. मी तिला विचारले, तू हे खातेस का? ती म्हणाली, ‘मी कधी खाल्ले नाही. आमच्या घरी कोणीच खात नाही. हे तुमच्यासाठी आहे.’

‘हे तुमच्यासाठी आहे’ या तीन शब्दांच्या पुढच्या वाक्यात सारा कारभार उघडा पडला होता आणि आम्ही तो ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. आम्हाला जे पाहायची हौस होती ते त्या बाजाराने आमच्यापुढे मांडले होते. आरशात पाहून आम्ही म्हणत होतो, काय विचित्र लोक आहेत हे! २४ जून २०१६ रोजी तो बाजार कायमचा बंद झाला. गोंगाट, कचरा आणि रस्त्यावरची कोंडी यांबद्दल आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी होत्या. बाजार गेला, पण आमच्या घराघरांतील छायाचित्रांत तो अजून चालू आहे आणि त्यावरून एका प्रचंड देशाच्या स्वयंपाकघराची परीक्षा होत आहे.

येथे कोणी म्हणेल, फादर, विंचू चीनमध्ये मुळीच खात नाहीत असे का तुम्हाला म्हणायचे आहे? तसे मी म्हणत नाही. शांतुंग प्रांतात तळलेले विंचू खाण्याची रीत आहे आणि तिकडच्या जुन्या वैद्यकातही विंचवाचा उपयोग सांगितला आहे. युन्नानमध्ये बांबूतल्या अळ्या तळून खातात. रेशमाच्या प्रदेशांत कोश उकळून धागा काढून घेतला की आत किडा उरतो. तो फेकून न देता खातात. आता सांगा, लग्नात रेशमी शालू नेसणाऱ्या आणि सणाच्या दिवशी वेदीवर रेशमी वस्त्र अंथरणाऱ्या आपण लोकांनी त्या किड्याच्या नावाने नाक मुरडावे, यात न्याय कुठला? धागा आपण घेतला. उरलेले ज्याने पोटात घातले त्याने वाया काही जाऊ दिले नाही, एवढाच त्याचा अपराध.

शिवाय भुकेचा हिशेब आपण विसरतो. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत चीनमध्ये जो दुष्काळ पडला, आणि ज्याचा मोठा वाटा राज्यकर्त्यांच्या चुकांचा होता, त्यात किती माणसे मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या पिढीची माणसे अजून हयात आहेत. ज्यांनी झाडांच्या साली खाऊन दिवस काढले त्यांच्या नातवंडांच्या ताटात काय असावे आणि काय नसावे, हे भरल्या पोटाने ठरवणारे आपण कोण? १९७२ च्या दुष्काळात आपल्या महाराष्ट्राने परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला. त्या दिवसांत तो खाणाऱ्यांची छायाचित्रे घेऊन कोणी परदेशी प्रवासी आपल्या गावच्या सभागृहात हशा पिकवत असता, तर आपल्याला काय वाटले असते?

पण मुख्य मुद्दा अजून बाकी आहे. आजींनी विंचवाबद्दल विचारलेच नव्हते. त्यांनी जेवणाबद्दल विचारले होते. जेवण आम्हाला दिसले कसे नाही? त्याचे कारण लाजिरवाणे आहे. सहलीच्या आयोजकांनी आमच्याबरोबर आपला आचारी दिला होता. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री पोळीभाजी. जाहिरातीतही तीच ग्वाही ठळक अक्षरांत होती. चार हजार किलोमीटरांवर जाऊन आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात जेवत होतो आणि जेवण झाल्यावर, पोट भरलेले असताना, बाजार ‘पाहायला’ निघत होतो. भरल्या पोटाने बाजारात शिरणाऱ्याला भूक दिसत नाही आणि चवही दिसत नाही. त्याला दिसतो तो तमाशा. कोणी व्रताने शाकाहारी असेल, कोणाला पथ्य असेल, त्यांच्याविषयी मी बोलत नाही; त्यांचा निर्बंध मला आदरणीय आहे. मी बोलतो आहे ते आम्हा सर्वभक्षक कॅथलिकांविषयी, जे घरी डुकराच्या इंद्यालावर ताव मारतात आणि परदेशात लोणच्याची बरणी उशाशी घेऊन झोपतात.

शीआनला मी यातून थोडा सुटलो, तोही अपघाताने. दिवसा आम्ही तिथल्या शिलालेखांच्या संग्रहालयात गेलो होतो. तिथे इ. स. ७८१ मध्ये कोरलेली एक उंच शिळा आहे. इ. स. ६३५ मध्ये आलोपन नावाचा ख्रिस्ती धर्मप्रचारक पश्चिमेकडून या नगरीत आला आणि बादशहाने त्याचे स्वागत केले, असे तिच्यावर लिहिले आहे. नगरीचे तेव्हाचे नाव चांगआन. त्या शिळेपुढे मी इतका वेळ रेंगाळलो की गट पुढे निघून गेला. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक तेवढे माझ्याबरोबर राहिले. मुक्कामावरचा वरणभात हुकला होता. मग आम्ही दोघे जुन्या नगाराघराच्या मागे, ह्वे मुसलमानांच्या वस्तीत, रात्रीच्या बाजारात शिरलो. आणि या वेळी उपाशीपोटी.

ह्वे म्हणजे चिनी भाषा बोलणारे मुसलमान. व्यापारासाठी आलेल्या अरब, इराणी आणि मध्य आशियाई लोकांचे रक्त त्यांच्यात मिसळले आहे. त्यांच्या गल्ल्यांतून चालताना मला आमच्या वसईच्या जत्रेची आठवण झाली. दोन धिप्पाड तरुण लाकडी हातोड्यांनी शेंगदाण्याची चिक्की कुटत होते आणि त्या तालावर गर्दी सरकत होती. तांबड्या पिकल्या फळांच्या गरात पीठ मळून, आत अक्रोड आणि साखर भरून, छोट्या पुऱ्या तळल्या जात होत्या. ते फळ जवळच्या लिनथोंगचे, टोमॅटोसारखे दिसणारे आणि मधासारखे गोड. लिनथोंगच्याच डाळिंबांचा रस हाताने दाबून काढून देत होते. प्रचंड भांड्यात चिकट तांदूळ, खजुरासारखी तांबडी बोरे आणि राजमा यांचे थर लावून रात्रभर वाफवलेला गोड भात एक आजोबा उलथन्याने कापून विकत होते. मटणाच्या काड्यांवर जिरे आणि लाल तिखट भुरभुरले जात होते. जिऱ्याचा तो वास आला आणि आमचे सर मटकन थांबले. म्हणाले, ‘फादर, हा वास परका नाही.’

शेवटी आम्ही एका छोट्या दुकानात बसलो. तिथे प्रत्येकापुढे एक रिकामा मोठा वाडगा आणि त्यात दोन जाड, घट्ट, जेमतेम आंबवलेल्या भाकऱ्या ठेवतात. आम्ही रस्सा येण्याची वाट पाहत बसलो. रस्सा येईना. समोरच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, हसले, आणि आपल्या बोटांनी दाखवले की भाकर तुम्हीच मोडायची. आम्ही घाईने चार तुकडे केले. त्यांनी मान हलवली. माझ्या वाडग्यातला एक तुकडा उचलून त्यांनी त्याचे दहा केले, वाटाण्याहून लहान, आणि पुढे सरकवले. आम्ही तिघे अर्धा तास काही न बोलता भाकर मोडत बसलो. तुकडे झाले की वाडगा आत जातो. तुकड्यांचा आकार पाहून आचारी रस्सा किती आणि आच किती ते ठरवतो आणि मटणाच्या रश्श्यात उकळून तो वाडगा परत आणून देतो. बरोबर गोड मुरवलेला लसूण असतो. या पदार्थाचे नाव यांगरो पाओमो. मी पुरोहित आहे. परक्या माणसाबरोबर बसून भाकर मोडण्याचा अर्थ मला वेगळा सांगावा लागू नये. पण मला तो त्या रात्री एका मुसलमान म्हाताऱ्याने पुन्हा शिकवला आणि शिकवताना त्याच्याकडे विंचू नव्हता, म्हणून मी त्याचे छायाचित्र काढले नाही. घरी येऊन पडद्यावर दाखवायला माझ्याकडे ते नव्हते. दाखवायला विंचू होता.

या रात्रीच्या बाजारांना इतिहास आहे आणि तो जाणून घेण्याजोगा आहे. याच चांगआन नगरीत थांग घराण्याच्या काळी बाजार भरे तो दुपारी तीनशे नगारे वाजल्यावर, आणि सूर्यास्तापूर्वी घंटेचे तीनशे ठोके पडले की तो उठवला जाई. रात्री पेठांचे दरवाजे बंद होत आणि रस्त्यावर दिसणाऱ्याला फटके बसत. पुढे सुंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने इ. स. ९६५ मध्ये आपल्या राजधानीत, म्हणजे आजच्या खाइफंगमध्ये, रात्रीच्या तिसऱ्या प्रहराच्या सुमारापर्यंत बाजार चालू ठेवण्यास मुभा दिली. माणसाला अंधार पडल्यावर घराबाहेर येऊन चार घास विकत घेण्याची आणि विकण्याची मोकळीक मिळाली ती अशी. ती राजधानी ११२७ मध्ये शत्रूच्या हाती पडली. दक्षिणेत निर्वासित झालेल्या मंग युआनलाओ नावाच्या गृहस्थाने वीस वर्षांनी, ११४७ मध्ये, हरवलेल्या नगरीच्या आठवणींचे पुस्तक सिद्ध केले. त्यात राजवाडे आहेत, उत्सव आहेत. आणि कोणत्या पुलापाशी रात्री कोणते पदार्थ मिळत, याच्या लांबलचक याद्याही आहेत. गाव सुटलेल्या माणसाला गावचे खाणे कसे आठवते, हे मुंबईत, आखातात नि कॅनडात पांगलेल्या आमच्या लोकांना मी काय सांगावे! ज्या बाजारात आपण हसायला जातो तो कोणाच्या तरी मायभूमीचा वास असतो, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुरे.

आणि खरोखर ‘त्यांचे’ किती आणि ‘आपले’ किती? मिरीला चिनी भाषेत जे नाव आहे त्यात पश्चिमेकडील परक्यांचा निर्देश आहे, कारण ती आपल्याकडून गेली. इ. स. ६४७ मध्ये चांगआनच्या बादशहाने उसाची साखर करण्याची रीत शिकून येण्यासाठी आपली माणसे मगधाला पाठवली होती. उलट आपण सकाळी उठून पितो तो चहा तिकडचा, त्याचे नावही तिकडचे, आणि आईने लोणचे घातलेली बरणी चिनी मातीची. लाल मिरची दोघांचीही नव्हे. ती अमेरिकेतून आली. पोर्तुगिजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली आणि चिनी पुस्तकात तिचा उल्लेख १५९१ मध्ये ‘परदेशी मिरी’ अशा अर्थाच्या नावाने येतो. त्या मिरचीवाचून आज वसईच्या बाटलीतला मसालाही होत नाही आणि शीआनची मटणाची काडीही होत नाही. आपण ज्याला ‘चायनीज’ म्हणतो त्याची तर गोष्टच न्यारी. कोबी मंचुरियनचे मूळ मंचुरियात शोधणाऱ्याने मुंबईला यावे. १९७५ च्या सुमारास कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये पहिले मंचुरियन केले, ते कोंबडीचे होते. गावच्या नाक्यावर लाल अक्षरांच्या गाडीपुढे उभे राहून चायनीज भेळ चापणारा तरुण घरी येऊन ‘चिनी काहीही खातात’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडातला घासही हसत असेल.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र गंभीर आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. चीनमध्ये खाण्यापिण्यात भयंकर अपराध घडले आहेत. २००८ मध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्यामुळे सरकारी आकड्यांप्रमाणेही सहा अर्भके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. गटारातून काढलेले तेल शुद्ध करून पुन्हा विकण्याच्या टोळ्या पुढे पकडल्या गेल्या. २००२-०३ च्या सार्स साथीच्या वेळी दक्षिणेतील बाजारांतले उदमांजरासारखे वन्य प्राणी संशयाच्या केंद्रस्थानी होते, आणि तरीही वन्य प्राण्यांचा व्यापार पुढे चालू राहिला. तो खाण्यासाठी करण्यावर राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थायी समितीने २४ फेब्रुवारी २०२० रोजी बंदी घातली, आणि माझ्या मते ती सतरा वर्षे उशिरा आली. याविषयी कठोर बोलावे, मी बोलतो. परंतु भुकटीत विष मिसळणारा लोभ आणि गल्लीत भाकर मोडणारा म्हातारा यांना एका शब्दात कोंबू नये. आपल्याकडे दुधात भेसळ सापडते म्हणून आपल्या आईच्या हातचे जेवण कोणी दूषित म्हणत नाही.

खोट्या साक्षीचे फळ काय असते ते आपण २०२० मध्ये पाहिले. साथ सुरू होताच एक चित्रफीत जगभर फिरली: एक चिनी तरुणी वटवाघळाचे सूप पिते आहे. आपल्या धर्मग्रामातल्या फोनांवरही ती आली आणि सुशिक्षित लोकांनी ती पुढे पाठवली. ती चित्रफीत वूहानची नव्हती, चीनमधलीही नव्हती. ती २०१६ मध्ये प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवर काढलेली होती आणि ती तरुणी प्रवासाचे कार्यक्रम करणारी होती. म्हणजे परदेशी जाऊन तिथला विचित्र पदार्थ टिपून घरच्यांना दाखवण्याचा आमचाच उद्योग ती करत होती. आमच्या विंचवाच्या छायाचित्रात आणि त्या चित्रफितीत जातीचा फरक नाही. फक्त तिचे फळ अधिक कडू निघाले. या देशात ईशान्येकडील राज्यांतून शिकायला आणि पोटासाठी आलेल्या मुलामुलींना, केवळ चेहरा पाहून, ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, घरे सोडायला लावले गेले. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या संरक्षणासाठी राज्यांना लिहावे लागले. त्यांतली कित्येक आपलीच ख्रिस्ती भावंडे होती. सभागृहातल्या हशापासून भर रस्त्यातल्या शिवीपर्यंतचे अंतर फार नसते.

आणि हे आपल्याला सांगावे लागावे? ताटावरून माणूस तोलला जाणे म्हणजे काय हे ज्यांनी भोगले आहे त्यांना? शिक्षणासाठी मी काही महिने एका वसतिगृहात होतो. आईने सुक्या बोंबलाची चटणी डब्यात भरून दिली होती. एका दुपारी परत येऊन पाहतो तो डबा खिडकीबाहेर चिखलात पडलेला आणि खोलीत उदबत्ती लावलेली. कोणी काही बोलले नाही. त्या उदबत्तीने सारे सांगितले. अशी एखादी उदबत्ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत असेल. ‘मासे खाणाऱ्यांना घर देत नाही’ हे वाक्य मुंबईत किती जणांनी ऐकले आहे! ज्यांच्या डब्याचा असा अपमान झाला त्यांनीच दुसऱ्याचा वाडगा पडद्यावर मांडून नाक धरावे, याचे मला राहून राहून दुःख होते.

यापो गावी चर्मकाराच्या घराच्या गच्चीवर भुकेल्या पेत्राला जो दृष्टान्त झाला तो आपण दरवर्षी ऐकतो. आकाशातून उतरलेल्या चादरीत नाना तऱ्हेचे प्राणी होते आणि पेत्र ते खायला तयार नव्हता. तो दृष्टान्त खाण्यावर संपत नाही. त्यानंतर लगेच दाराशी परके लोक येतात, पेत्र त्यांना घरात घेतो आणि दुसऱ्या दिवशी एका रोमन शतपतीच्या घरी जातो. चादर ताटाची होती. धडा माणसांचा होता.

म्हणून जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे. आचारी बरोबर असला तरी एक तरी संध्याकाळ त्याच्या वरणभाताला सुट्टी द्या आणि उपाशीपोटी बाजारात जा. जिथे इंग्रजीत हाका मारतात तिथून दोन गल्ल्या आत वळा. जिथे कामावरून सुटलेला मजूर आणि शाळेतून आलेली मुले रांगेत उभी असतील तिथे उभे राहा. जे तुमच्या नेमात बसत नाही ते हसून नाकारा. त्यासाठी नाक धरावे लागत नाही. पैसे पुरे द्या, कारण त्या गाडीवर एक कुटुंब चालते. २०२० मध्ये साथीने धंदे बुडाले तेव्हा तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग यांनीच सांगितले होते की एका शहरात छत्तीस हजार फिरत्या टपऱ्यांना परवानगी देताच एका रात्रीत एक लाख लोकांना काम मिळाले. आणि छायाचित्र काढायचेच तर आधी काय शिजते आहे ते विचारा, चाखा, मग काढा.

आता आजींचे उत्तर. आजी, ती माणसे उत्तरेकडे गव्हाची भाकर, शेवया आणि वाफेवरचे पाव खातात आणि दक्षिणेकडे आपल्यासारखाच भात खातात. सोयाबीनच्या दुधाचे चक्के करतात, हिरव्या भाज्या लसणाबरोबर मोठ्या आचेवर परततात, मासा वाफवतात, डुक्कर आपल्याइतकेच आवडीने खातात आणि त्यांच्यातले मुसलमान ते खात नाहीत. पाहुण्याच्या वाडग्यात आपल्या हाताने वाढतात. सकाळी पुष्कळ घरांत तांदळाची पेज असते, बरोबर खारवलेली भाजी. आणि घरात कोणी आजारी पडले की, तुम्ही करत होतात तशीच, मऊ पेज करून देतात.